पाण्याच्या खड्ड्यापाशी नजर ठेवा

६ ऑगस्ट २०२२ रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम शर्यत झाली. पहिल्या आलेल्या केनियाच्या अब्राहम किबिवोटला ८ मिनिटे ११.१५ सेकंद लागले आणि दुसऱ्याला ८ मिनिटे ११.२० सेकंद. हा दुसरा म्हणजे बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे. दोघांत फरक एका सेकंदाच्या विसाव्या भागाचा. शेवटच्या टप्प्यात धावपटूचा वेग सेकंदाला सात मीटर होता असे धरा आणि गुणाकार करा. उत्तर येते ३५ सेंटिमीटर. तुमच्या दप्तरातल्या पट्टीपेक्षा जेमतेम पाच सेंटिमीटर जास्त!

त्याआधी आपल्या जिल्ह्यातल्या किती मोठ्या माणसांना स्टीपलचेस म्हणजे काय हे ठाऊक असेल? मला तरी नव्हते. माझे बालपण कबड्डी आणि क्रिकेटमध्ये गेले. जत्रेतल्या कुस्त्या चुकवल्या नाहीत. चाळिशी उलटल्यावर आपल्याला एखाद्या नव्या खेळाचा नाद लागेल, असे कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो.

२०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या वेळी ही शर्यत मी प्रथम पाहिली. खरे सांगू? कंटाळा आला. माणसे गोल गोल धावत होती, मध्येच उड्या मारत होती, पाण्यात पाय भिजवत होती. साबळे ८ मिनिटे १८.१२ सेकंदांत आला, हा राष्ट्रीय विक्रम ठरला, तरी प्राथमिक फेरीत सातवा आल्यामुळे अंतिम शर्यत त्याला मिळाली नाही. मला त्यातले काहीच कळले नाही. शेजारी नववीतला एक विद्यार्थी बसला होता. तो म्हणाला, “सर, तुम्ही चेहरे बघताय. पाय बघा ना!”

तेव्हा आपणही पाय बघू. एका फेरीत पाच अडथळे असतात आणि त्यांतला चौथा पाण्याचा. पूर्ण शर्यतीत २८ साधे अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर, मुलींसाठी ७६.२. वर्गाच्या भिंतीवर खडूने ९१.४ सेंटिमीटरवर रेघ ओढा आणि तिच्याशेजारी उभे राहा, म्हणजे अंदाज येईल. शिवाय हा अडथळा साध्या हर्डल शर्यतीतल्यासारखा धक्का लागताच पडत नाही. त्याचे वजन ८० ते १०० किलो असते. गुडघा आपटला तर तो गुडघ्यालाच लागतो.

आता गंमत पाहा. तुम्हाला वाटेल, ३५ उड्यांनीच माणूस दमत असणार. हिशेब करू. धावपटूचे वजन ६० किलो आणि प्रत्येक उडीत त्याचा गुरुत्वमध्य ३० सेंटिमीटर उचलला जातो असे माना. वस्तुमान, गुरुत्वीय त्वरण आणि उंची यांचा गुणाकार येतो सुमारे १७६ जूल. ३५ उड्यांचे झाले सुमारे ६,२०० जूल, म्हणजे दीड किलोकॅलरी. स्नायू खर्चलेल्या ऊर्जेच्या साधारण पाव भागाचेच काम करतात, म्हणून चौपट धरली तरी सहा. चमचाभर साखरेत सोळा किलोकॅलरी असतात! उलट तीन किलोमीटर नुसते धावायलाच अशा माणसाला सुमारे १८० किलोकॅलरी लागतात.

मग दमछाक कशाने होते? अडथळ्यापाशी वेग घटतो आणि पुढे तो परत मिळवावा लागतो. वेग सेकंदाला सहा मीटरवरून पाचवर आला, तर पुन्हा सहावर आणायला ३३० जूल लागतात, म्हणजे उचलण्याच्या जवळजवळ दुप्पट. त्याहून वाईट म्हणजे लय मोडते. पावले बरोबर पडली नाहीत तर अडथळ्याआधी तुरूतुरू छोटी पावले टाकावी लागतात. पुढे पाच-सहा जण असले तर अडथळा शेवटच्या क्षणापर्यंत दिसतही नाही. म्हणून कधी कधी चांगला धावपटू मुद्दाम बाहेरच्या बाजूने धावतो. अंतर थोडे वाढते, पण समोरचे दिसते.

आणि आता पाण्याचा खड्डा. अडथळ्यासह त्याची लांबी ३.६६ मीटर. अडथळ्याला लागून तो सर्वांत खोल असतो आणि पुढे चढत चढत जमिनीच्या पातळीला मिळतो. म्हणजे जो लांब उडी घेईल तो उथळ पाण्यात उतरेल. अडथळ्यावर पाय देऊन स्वतःला पुढे ढकलण्याची मुभा असते. मात्र पार कोरड्यात उतरण्याचा हट्ट धरला तर दणका जोरात बसतो आणि वेग मोडतो. उडी किती लांब घ्यायची, हा सौदा सात वेळा करायचा, आणि तोही पायांत गोळे येत असताना!

एवढे कळल्यावर मी तीच शर्यत पुन्हा पाहिली. शर्यत तीच, पण तिच्यात आता घटनाच घटना होत्या. असे का व्हावे? अमेरिकेतील विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ साली बुद्धिबळपटूंवर केलेला एक प्रयोग इथे उपयोगी पडतो. खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवून झाकायचा आणि सोंगट्या पुन्हा मांडायला सांगायच्या. निष्णात खेळाडूने नवशिक्यापेक्षा कितीतरी जास्त सोंगट्या बरोबर मांडल्या. पण सोंगट्या वाटेल तशा विखुरल्या तेव्हा त्याची ही आघाडी जवळजवळ नाहीशी झाली. म्हणजे त्याची स्मरणशक्ती अचाट नव्हती. त्याला अर्थपूर्ण गट दिसत होते. माझ्याबाबतीत तेच झाले होते. आधी मला सुटे हातपाय दिसत होते, आता ‘अडथळा चुकीच्या पायावर आला’ असे एकच चित्र दिसू लागले. लंडनमधील संशोधकांनी २००५ साली बॅले नर्तक आणि कापोएरा हा ब्राझीलचा खेळ करणारे यांच्या मेंदूंची तुलना केली. आपण स्वतः शिकलेल्या हालचाली पाहताना दोघांच्याही मेंदूतील हालचालींशी निगडित भाग अधिक सक्रिय झाले. कबड्डी खेळलेल्या माणसाचे पाय चढाई पाहताना का वळवळतात, ते यावरून समजेल.

कोणी म्हणेल, हे लहानपणीच जमते. तर ऐका. खुद्द साबळे या शर्यतीत मोठेपणीच आला. शाळेसाठी लांबची पायपीट करणारा हा मुलगा बारावीनंतर सैन्याच्या महार रेजिमेंटमध्ये गेला. सियाचीनच्या बर्फात आणि राजस्थानच्या वाळवंटात त्याने नोकरी केली. २०१५ मध्ये तो क्रॉसकंट्री धावू लागला आणि २०१७ मध्ये प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या सांगण्यावरून स्टीपलचेसकडे वळला. तेव्हा त्याचे वय बावीस-तेवीस होते. पुढच्याच वर्षी भुवनेश्वरला त्याने ८ मिनिटे २९.८० सेकंदांत शर्यत पुरी करून गोपाल सैनी यांचा १९८१ सालचा विक्रम मोडला. ७ जुलै २०२४ रोजी पॅरिसमध्ये त्याने ८ मिनिटे ९.९१ सेकंदांची वेळ दिली. सहा वर्षांत जवळजवळ वीस सेकंद! या मधल्या काळात २०२३ च्या हांगचौ आशियाई स्पर्धेत सुवर्णपदकही मिळाले.

जाता जाता एक किस्सा. पाहणाऱ्याचे लक्ष ढळले तर काय होते? १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये फेऱ्या मोजणाराच चुकला आणि सगळे धावपटू एक फेरी जादा धावले. तीन हजार मीटर पुरे झाले तेव्हा अमेरिकेचा जो मॅक्लस्की दुसरा होता. जादा फेरीत ब्रिटनचा टॉम एव्हनसन त्याच्यापुढे गेला आणि मॅक्लस्कीच्या वाट्याला कांस्यपदक आले.

तुम्ही एक करून पाहा. पुढची स्टीपलचेस लागेल तेव्हा घरातल्या अशा माणसाला शेजारी बसवा, ज्याला ती शर्यत ठाऊक नाही. नियमांची यादी ऐकवू नका. पहिल्या फेरीत काहीच बोलू नका. दुसऱ्या फेरीपासून एवढेच सांगा, “पाण्यात कोण किती लांब उतरतो ते बघा.” वहीत दर फेरीला नोंद करा, की त्यांनी आपणहून काय काय दाखवले. आमच्या घरी आईला बसवले होते. पाचव्या फेरीत ती म्हणाली, “तो तिसरा आता मागं पडणार, पाय खोल पाण्यात गेला त्याचा.” तो पडला.