जुन्या टीव्हीत नवा मेंदू, पण काचेची नळी फोडू नका

मार्च 2019 मध्ये लंडनच्या सदबीज लिलावगृहात एक लाकडी पेटी 40,000 पौंडांना विकली गेली. दिसायला ती आजोबांच्या काळातल्या रेडिओच्या कपाटासारखी. आत मात्र संगणक, आणि त्याला जोडलेले दोन पडदे. त्या पडद्यांवर सतत माणसांचे चेहरे उमटतात आणि विरतात. त्यातला एकही माणूस कधी जन्मला नाही. मारियो क्लिंगमन या जर्मन कलाकाराने 2018 मध्ये हे शिल्प घडवले. त्यातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेला जुन्या काळची व्यक्तिचित्रे दाखवून शिकवले होते. या पद्धतीत संगणकातला एक भाग चित्र काढतो आणि दुसरा ते खऱ्यासारखे आहे की नाही हे तपासतो. हजारो वेळा नापास झाल्यावर पहिल्याचा हात बसतो.

टीव्हीचे शिल्प करण्याची कल्पना त्याहून जुनी. कोरियात जन्मलेल्या नाम जून पाइक यांनी 1965 मध्ये टीव्हीवर मोठा लोहचुंबक ठेवला आणि चित्राची वळणदार नक्षी झाली. टीव्हीच्या नळीत मागून इलेक्ट्रॉनचा झोत येऊन पडद्यावर आदळतो. चुंबक त्या झोताला वाकवतो. (घरच्या रंगीत टीव्हीवर हा प्रयोग करू नये, रंगांचे डाग पडतात.) पुढे 1988 मध्ये त्यांनी कोरियात 1,003 टीव्हींचा मनोरा उभारला. संच जुने झाल्याने तो 2018 मध्ये बंद ठेवावा लागला आणि दुरुस्तीनंतर 2022 मध्ये पुन्हा उजळला.

असे जुने टीव्ही जिंतूर तालुक्यातल्या बोरीसारख्या गावांतही माळ्यावर पडून असतात. त्यातून विज्ञान प्रदर्शनासाठी काही करावे असे एखाद्या मुलाला वाटले तर चांगलेच आहे. फक्त त्या पेटीत काय असते ते आधी माहीत हवे.

नळीच्या मागच्या, नरसाळ्यासारख्या काचेत शिसे असते. क्ष-किरण बाहेर पडू नयेत म्हणून ते घातलेले असते. काच शाबूत असेपर्यंत टीव्ही बघणाऱ्याला त्याचा त्रास नाही. पण मानेवरच्या तांब्याच्या गुंडाळीसाठी नळी फोडली, की काचेचा आणि आतल्या रंगद्रव्याचा भुगा उडतो. तो हाताला लागतो आणि हातावरून तोंडात जातो. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर घाला घालते. त्याची सुरक्षित म्हणावी अशी पातळी नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. नळी आतून निर्वात असल्याने फुटताना काचा अंगावरही येतात. शिवाय प्लग काढल्यानंतरही आत हजारो व्होल्टचा भार काही काळ टिकू शकतो.

तेव्हा पेटी रिकामी करायची ती जाणत्या टीव्ही मेकॅनिकने, मुलांनी नाही. नळी अखंड काढून कचऱ्यात किंवा शेताच्या बांधावर न टाकता नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे जाईल असे पाहावे. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत टीव्ही येतो. भंगारवाल्याला द्यायचाच तर तो अंगणात फोडू देऊ नये, आणि तांब्यासाठी वायरी जाळू देऊ नयेत.

रिकाम्या पेटीत जुना मोबाइल किंवा टॅब बसवला, तरी कृत्रिम बुद्धिमत्तेने काढलेली चित्रे त्यावर छान दिसतात.