स्मृतिभ्रंश : आधार घरच्यांनाही हवा

'सून मला जेवायला देत नाही,' असे सांगणाऱ्या आजीबाई तुमच्याही माहितीत असतील. तासाभरापूर्वीच त्यांची भाकरी-आमटी झालेली असते, ताटही घासायला पडलेले असते. आजींना त्यातले काहीच आठवत नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांना मात्र त्यांचे म्हणणे खरे वाटते आणि सगळा ठपका सुनेवर येतो. अशा सुना माझ्याकडे पेशंट म्हणून येतात. डोके दुखते, झोप लागत नाही, बीपी वाढलेले असते. सासूबाईंचा विषय निघतो तो तिसऱ्या-चौथ्या भेटीत.

आपण याला म्हातारचळ म्हणतो, 'साठी बुद्धी नाठी' म्हणून हसतोही. पण हा मेंदूचा आजार आहे. त्याचे नाव स्मृतिभ्रंश, म्हणजेच डिमेन्शिया. अल्झायमर हे त्याचे सर्वांत मोठे कारण. दळण आणायचे विसरणे वेगळे आणि चाळीस वर्षे ज्या गिरणीत गेलो तिची वाट विसरणे वेगळे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्याकडे साठीपुढच्या शंभरांत सातांहून अधिक जणांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना तो आहे.

आपल्या देशात या घरांसाठी संस्था उभी राहिली ती एखाद्या महानगरातल्या मोठ्या इस्पितळातून नव्हे. केरळच्या त्रिशूर जिल्ह्यात कुन्नमकुलम नावाचे गाव आहे. तिथल्या डॉ. जेकब रॉय यांच्या पुढाकाराने १९९२ मध्ये 'अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया' स्थापन झाली. हे डॉक्टर बालरोगतज्ज्ञ! पण वडिलांच्या आजारपणात, असा माणूस घरात असणे म्हणजे काय, हे त्यांनी अनुभवले होते. पुढे ते या आजाराच्या जागतिक संघटनेचे अध्यक्षही झाले.

१९९८ मध्ये कोचीत आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे संशोधकांचा एक गट तयार झाला. त्याचे नाव १०/६६. जगातले ६६ टक्के रुग्ण आपल्यासारख्या विकसनशील देशांत, पण तिथे होणारे संशोधन जेमतेम १० टक्के, असा त्याचा अर्थ.

या गटाचे आपल्याला जवळचे काम झाले ते शेजारच्या गोव्यात. डॉ. विक्रम पटेल आणि डॉ. मार्टिन प्रिन्स यांचा तिथला अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आढळले, की प्राथमिक आरोग्य सेवेतल्या डॉक्टरांना असे रुग्ण क्वचितच दिसतात, पण वस्तीत फिरणारे आरोग्य कार्यकर्ते त्यांना बरोबर ओळखतात. कारण साधे आहे. म्हातारपण म्हटल्यावर डॉक्टरकडे नेतो कोण? आणि हे दुखणे कशाने होते, याचे लोकांचे उत्तर होते : मुलांनी लक्ष दिले नाही, माया केली नाही म्हणून. म्हणजे आजार सासूला आणि बोल सुनेला, हे तिथेही होतेच.

मग गोवा मेडिकल कॉलेजचे डॉ. अमित डायस आणि 'संगाथ' संस्थेतली मंडळी यांनी एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. घरोघरी जायला त्यांनी तज्ज्ञ नेमले नाहीत. अट एवढीच, की बारावी पास असावे, स्थानिक भाषा यावी आणि वृद्धांसाठी काम करायची मनापासून तयारी असावी. आठवड्याभराचे प्रशिक्षण दिले. असे कार्यकर्ते निदान पंधरा दिवसांतून एकदा, सहा महिने घरी जात. आजार समजावून सांगत, चिडणे-भटकणे यांना कसे तोंड द्यावे ते सांगत, सरकारी योजनांची माहिती देत, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञांना गाठून देत. मला वाटते, ते त्या घरच्या बाईचे म्हणणे ऐकून घेत, हे यातले सर्वांत मोलाचे.

एकूण ८१ कुटुंबे होती. निम्म्यांना ही मदत लगेच मिळाली, बाकीच्यांना सहा महिन्यांनी. पहिल्या गटात सांभाळणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य स्पष्टपणे सुधारले, रुग्णाच्या वागण्याचा त्यांना होणारा त्रास कमी झाला. रुग्णाच्या रोजच्या हालचालींत मात्र ठळक फरक पडला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आजार मागे फिरत नाही. पण त्याच्याबरोबर घरातला दुसरा माणूस आजारी पडणे टळू शकते. बारावी पास, बोलक्या आणि समजूतदार माणसांची आपल्या तालुक्याला वाण नाही. महिला मंडळे आहेत, ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. कुणी पुढे आले तर प्रशिक्षणाच्या दिवसांत माझे दोन-तीन तास मी आनंदाने देईन.

तोवर घरी काय करावे? 'आत्ताच तर जेवलात!' असा वाद घालू नये, तो व्यर्थ आहे. मूठभर चुरमुरे किंवा अर्धा कप चहा पुढे ठेवावा. मधुमेह असेल तर बिनसाखरेचा. सांभाळणारीला आठवड्यातून दोन तास तरी मोकळे सोडावे, आणि ते काम नणंदेने किंवा दिराने करावे. विसरणे सुरू झाले की डॉक्टरांना जरूर दाखवावे. थायरॉइड, बी-१२ची कमतरता, नैराश्य किंवा एखादे औषध यांमुळेही असे होते आणि ते बरे होऊ शकते. येताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणाव्यात, झोपेच्यासुद्धा. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तिथे घरच्यांनीही फोन करावा.