पुळण मोजताय? मग पाण्याखालीही बघा

समजा, तुम्ही कोकणातली एखादी पुळण अभ्यासाला घेतली. मे महिन्यात जीपीएसची काठी घेऊन ती मोजली, सप्टेंबरमध्ये परत मोजली, तर वाळू बरीच खाली गेलेली! लगेच 'धूप' लिहून मोकळे होऊ नका. पावसाळी लाटा वाळू ओढून नेतात, पण त्यातली बरीचशी जवळच पाण्याखाली दांडा करून थांबते आणि पावसाळ्यानंतरच्या शांत लाटा ती हळूहळू परत आणतात. वाळू कायमची गेली की नुसती सरकली, हे कोरड्या भागाच्या नकाशावरून कळणार कसं? शिवाय धूप म्हटली की पुढे दगडी बंधाऱ्याची मागणी येते. म्हणजे प्रश्न फक्त प्रबंधाचा नाही.

खरी अडचण मधल्या पट्ट्याची. लाटा फुटतात तिथे ना माणूस ठरत, ना होडी. फेसातल्या बुडबुड्यांनी इको साउंडरही गोंधळतो. उपग्रहचित्रांवरून खोली काढायला पाणी नितळ लागतं, आणि आपल्याकडचं बहुधा गढूळ. म्हणून जुनीच युक्ती बरी: उधाणाच्या ओहोटीला चालत जमेल तितकं खाली जायचं, भरतीला होडी जमेल तितकी आत आणायची. मुंबईच्या आसपास अमावास्या-पौर्णिमेची भरती साधारण दुपारी बाराच्या सुमारास येते आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळी, त्यामुळे समुद्र शांत असेल तर एका दिवसात दोन्ही साधतं. दोन्ही मोजण्या थोड्या तरी एकमेकींवर चढल्या पाहिजेत. त्या पट्ट्यात आकडे जुळले नाहीत तर पुढे जाऊच नका.

न जुळण्याचं नेहमीचं कारण म्हणजे शून्य. जमिनीची उंची सरासरी समुद्रसपाटीपासून मोजतात, सागरी नकाशातली खोली मात्र जवळजवळ सर्वांत खालच्या ओहोटीच्या पातळीपासून. मुंबईत या दोन शून्यांत सुमारे 2.5 मीटरचं अंतर आहे. तिथल्या सागरी नकाशावरचा 1 मीटर खोल तळ जमिनीच्या हिशेबाने 3.5 मीटर खाली असतो. हे न बदलता नकाशे जोडले की समुद्रात नसलेली पायरी उभी राहते, आणि सॉफ्टवेअर ती गुळगुळीत करून देतं!

छोट्या चुकाही महाग पडतात. 1 किलोमीटर लांब, 200 मीटर रुंद पुळणीवर सगळीकडे 10 सेंटिमीटरची चूक म्हणजे 20,000 घनमीटर वाळू. काठीची उंची चुकीची भरली तरी एवढं होतं. म्हणून किनाऱ्यालगतचा एखादा पक्का, न हलणारा बिंदू निवडा आणि रोज काम सुरू करताना व संपवताना तो मोजा.