परीट आणि तांबेरा : हिवाळ्यातील दोन पाहुणे

दिवाळीच्या सुमारास कयाधूच्या काठी किंवा औंढा तालुक्यातील सिद्धेश्वर धरणाच्या पाणथळीत शेपटी खालीवर हलवीत तुरुतुरु चालणारा परीट आपण पाहिला असेल. यालाच धोबी असेही म्हणतात. सुमारे वीस ग्रॅम वजनाचा हा गाणारा पक्षी हिमालय व त्यापलीकडील प्रदेशातून येतो आणि मार्च-एप्रिलमध्ये परत जातो.

दुसरा पाहुणा मात्र डोळ्यांना दिसत नाही. तो म्हणजे गव्हावरील काळा तांबेरा, अर्थात गेरवा. ही एक बुरशी आहे. तिचा एक बीजाणू मिलिमीटरच्या तिसाव्या भागाएवढा असतो. तिला हिरवे, जिवंत पीक लागते. म्हणून आपल्याकडील उन्हाळ्यात ती टिकत नाही. मग दरवर्षी ती येते कोठून? आग्रा कॉलेजचे प्राध्यापक करमचंद मेहता यांनी दाखवून दिले, की तांबेरा थंड डोंगराळ भागात तग धरतो व तेथून मैदानात येतो. काळा तांबेरा मुख्यतः दक्षिणेतील निलगिरी व पळणीच्या डोंगरांतून वाऱ्याबरोबर मध्य भारताकडे सरकतो. १९४६-४७ च्या हंगामात त्याने मध्य भारतातील गव्हाची मोठी हानी केली. महाबळेश्वर येथे गहू गेरवा संशोधन केंद्र आहे, ते याच रोगाच्या अभ्यासासाठी.

दोघेही प्रवासीच; पण परीट सूर्य, तारे व पृथ्वीचे चुंबकत्व यांच्या आधारे वाट शोधतो, तर बीजाणू वारा नेईल तिकडे जातो. पानावर दव असले की तो रुजतो, तंतू आत घालतो आणि पिकाचा अन्नरस शोषतो. परीट मात्र माश्या, चिलटे व लहान किडे टिपतो.

येथेच आपली चूक होते. गहू तांबडा पडलेला दिसताच कित्येक जण हाताशी असलेले कीटकनाशक फवारतात. त्याने बुरशी मरत नाही. किडे मात्र मरतात आणि परिटाचे अन्न संपते. पैसा जातो, रोग तसाच राहतो.

म्हणून परभणीच्या कृषी विद्यापीठाने शिफारस केलेले तांबेरा-प्रतिकारक वाण निवडावे, पेरणी वेळेवर करावी आणि रोग दिसल्यास जाणकारांना विचारूनच बुरशीनाशक वापरावे. आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांना एवढे जरी आपण समजावून सांगितले, तरी शाळेत शिकलेले विज्ञान शेतापर्यंत पोहोचले असे म्हणता येईल.