दुखत नाही, तरी नस दबलेली
स्मॅश मारणाऱ्या व्हॉलीबॉलपटूचा खवाटा मागून पाहिला, तर कधीकधी तिथे खळगा दिसतो. गंमत म्हणजे दुखत बहुधा काहीच नसतं. खवाट्याच्या हाडातल्या खाचेत सुप्रास्कॅप्युलर नस दबली की तिच्यावर चालणारे स्नायू सुकतात. वरच्या खाचेत दबली तर दोन, खालच्या खाचेत दबली तर एकच. कोपर कुशीला टेकवून हात बाहेर फिरवायला सांगावं: जोर कमी पडतो. एक्स-रे इथे फारसा कामाचा नाही. नसेची अवस्था ईएमजीत कळते, तिच्यावर दाब देणारी पाण्याची गाठ एमआरआयमध्ये. गाठ नसेल तर आधी काही महिने स्मॅश बंद आणि फिजिओथेरपी. गाठ असेल तर अनेकदा दुर्बिणीतून ऑपरेशन. फार उशीर झाला, तर सुकलेला स्नायू पूर्ववत भरेलच असं नाही.