तळ्याकाठचं साधं हॉटेल: कोमो सरोवर, आईचा गुडघा आणि एक बुडालेलं बुकिंग

हा भाग ऐकून बऱ्याच जणांनी कळवलं की गावांची नावं आणि इटालियन शब्द पटापट निघून जातात, लिहून द्या. म्हणून हे लिखित रूप. बोलले तसंच ठेवलंय, फक्त मधली कुकरची शिट्टी आणि माझं सतरा वेळा ‘म्हणजे’ म्हणणं काढून टाकलंय.

विषय असा, की उत्तर इटलीत एखाद्या सरोवराच्या काठी तीन-चार रात्री राहायचंय, सिनेमातल्या व्हिलात नाही, साध्या दोन-तीन तारे असलेल्या हॉटेलात. ते निवडायचं कसं? मी हे दोनदा केलं. एकदा चुकीचं, एकदा बरं. सोबत आई-बाबा होते, आणि आईच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. हा गुडघा पुढे सारखा येणार आहे, लक्षात ठेवा.

आधी चूक सांगते. पहिल्या वेळी मला एक खोली सापडली. बाल्कनी, खाली निळं पाणी, समोर डोंगर. त्या खोलीचे दोन दर होते. एक रद्द करता येणारा, एक न येणारा. न येणारा स्वस्त होता, मी तो घेतला. व्हिसाची अपॉइंटमेंट मिळेलच असं धरून चालले होते. मे महिन्याची सहल आणि मी तारखा शोधायला बसले मार्चच्या शेवटी! हवी ती तारीख मिळालीच नाही. अडतीस हजार रुपये गेले. बाबा ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, “एवढ्यात आपलं गणपतीपुळे किती वेळा झालं असतं गं?” ओरडले असते तर बरं झालं असतं.

तर क्रम लक्षात घ्या. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त 6 महिने आधी करता येतो आणि कमीत कमी 15 दिवस आधी करावा लागतो. निर्णय साधारण 15 दिवसांत येतो, पण काही प्रकरणांत 45 दिवसांपर्यंत लांबू शकतो. मोठ्या माणसाची फी 90 युरो, वर अर्ज केंद्राचा सेवा आकार वेगळा. किमान 30,000 युरोंचं वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा लागतो, आणि मुक्कामाच्या प्रत्येक रात्रीचा पुरावा लागतो. म्हणजे हॉटेल आधी ठरवावंच लागतं, पण पैसे अडकवायचे नाहीत. रद्द करता येणारं बुकिंग घ्या, आणि ‘मोफत रद्द’ची शेवटची तारीख तुमचा व्हिसा हातात येण्याच्या अंदाजानंतरची आहे ना, हे बघा. दर थोडा चढा असतो. असू दे. आमच्याकडे मे महिन्याच्या सुट्टीसाठी अख्खा महाराष्ट्र एकाच वेळी अर्ज करतो, त्यामुळे शक्य असेल त्यांनी सप्टेंबर धरा. आम्ही दुसऱ्या वेळी तेच केलं.

आता सरोवर. इटलीत गार्दा सगळ्यात मोठं, मग माज्जोरे, मग कोमो. आम्ही कोमो घेतलं, कारण मिलानहून रेल्वेने सरळ पोहोचता येतं, गाडी भाड्याने घ्यावी लागत नाही. कोमो सरोवर नकाशावर दोन पाय फाकून उभ्या असलेल्या माणसासारखं दिसतं. डाव्या पायाच्या टोकाला कोमो शहर, उजव्याच्या टोकाला लेक्को, आणि दोन पाय जिथे मिळतात तिथे बेल्लाज्यो. बेल्लाज्योच्या समोर पूर्व काठावर वारेन्ना, पश्चिम काठावर मेनाज्यो. ही तीन गावं बोटींनी जोडलेली आहेत, वारेन्ना ते बेल्लाज्यो जेमतेम पाव तास. सरोवर 400 मीटरहून जास्त खोल आहे. बाबांना हे सांगितल्यावर ते कठड्यापासून दोन पावलं मागे सरकले.

बहुतेक जण नावामुळे कोमो शहरात हॉटेल घेतात. शहर छान आहे, पण तिथून बेल्लाज्योला हळू बोटीने जायला दोनेक तास लागतात. रोज तेवढं जाऊन-येऊन करायचं, तर दिवस बोटीतच जातो. त्यापेक्षा मधल्या भागात राहा. मिलानो चेंत्राले स्टेशनवरून तिरानोकडे जाणारी गाडी वारेन्नाला तासाभरात पोहोचवते. साधारण तासाला एक गाडी आहे, तिकीट सात-आठ युरोंच्या घरात, आणि आधी काढलं म्हणून स्वस्त मिळत नाही, त्यामुळे घाई नको. जाताना डाव्या बाजूला बसा, लेक्कोनंतर पाणी त्याच बाजूला आहे. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये शिक्का मारून घ्यायचा. मोबाइलवरचं असेल तर त्यात चेक-इन करायचं. हे विसरलात तर तिकीट असूनही दंड होऊ शकतो.

एक गोष्ट आपल्याला अपेक्षित नसते, ती म्हणजे रेल्वेचा संप. इटालियनमध्ये ‘शोपेरो’. तो आधी जाहीर होतो, आणि कामाच्या दिवशी सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 या वेळेत ठरावीक गाड्या चालवाव्याच लागतात. परतीचं विमान असेल त्या दिवसाची बातमी दोन दिवस आधी बघून ठेवा.

आता गुडघा. या गावांचा फोटोत न दिसणारा भाग म्हणजे पायऱ्या. डोंगर थेट पाण्यात उतरतो, मध्ये गाव चिकटलेलं. वारेन्नात वरच्या चौकातून पाण्याकडे उतरणाऱ्या अरुंद गल्ल्या आहेत, त्या गल्ल्या नाहीतच, दगडी जिने आहेत. ‘अगदी तळ्याकाठी’ असं लिहिलेलं हॉटेल अशा जिन्याच्या तळाशी असू शकतं. टॅक्सी वर थांबणार, आणि पुढे बॅग तुमच्या डोक्यावर. कोकणात घाटी उतरून घरी जायची सवय असेल त्यांना काही वाटणार नाही. आईला वाटलं असतं.

दुसरा सापळा उंचीचा. वारेन्नाच्या स्टेशनचं पूर्ण नाव वारेन्ना-एझिनो-पेर्लेदो असं आहे. बुकिंगच्या ॲपवर पेर्लेदोतली हॉटेलं ‘वारेन्नापासून एक किलोमीटर’ अशी दिसतात, आणि दर बघून हात लगेच पुढे जातो. पण पेर्लेदो वर डोंगरात आहे, पाण्यापासून दोनेकशे मीटर उंच. ॲप पक्षी उडतो तसं अंतर मोजतं. तुम्ही नकाशात चालत जायचा रस्ता लावा, चढ किती तो दिसतो. वरून दृश्य अप्रतिम दिसत असणार यात शंका नाही, आणि पाय चांगले असतील तर जरूर घ्या. पण रात्री जेवून परत चढायचंय, हे जेवायच्या आधी आठवलेलं बरं.

म्हणून मी दुसऱ्या वेळी फोटो बघणं बंद केलं आणि पाच हॉटेलांना एकच छोटा मेल पाठवला. रस्त्यापासून दारापर्यंत किती पायऱ्या? दारापासून खोलीपर्यंत किती? लिफ्ट आहे का, आणि ती खोलीच्या मजल्यापर्यंत येते का? शेवटचा प्रश्न वेडगळ वाटेल, पण जुन्या इमारतींत लिफ्ट मधल्याच मजल्यावर संपते असं होतं. भाषांतराच्या ॲपने इटालियनमध्ये करून पाठवला. दोघांनी उत्तरच दिलं नाही. एकाने लिहिलं, काही अडचण नाही, या. एकाने लिहिलं, आमच्याकडे बावीस पायऱ्या आहेत, तुमच्या आईसाठी योग्य नाही. आणि पाचव्याने लिहिलं, दारात तीन पायऱ्या, लिफ्ट लहान आहे, एक माणूस आणि एक बॅग मावते, तळ्याकडची खोली शिल्लक नाही, पण मागची शांत आहे. हे पाचवं आम्ही घेतलं. ‘काही अडचण नाही’वाल्याकडे खोली स्वस्त होती. पण पायऱ्यांचा आकडा विचारल्यावर जो आकडा सांगत नाही, त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही.

मागची खोली घेतल्याचं दुःख? नाही. तळ्याकडच्या खोलीला रात्री बरेच जास्त पैसे पडत होते, आणि तळं हॉटेलाच्या मालकीचं नाही. वारेन्नात धक्क्यापासून गावापर्यंत पाण्याच्या कडेने पायवाट आहे, लोखंडी कठडा, वर वेली. फुकट. बाकं आहेत. खोलीत आम्ही झोपायलाच जात होतो. तरी दृश्य हवंच असेल तर ‘विस्ता लागो’ हे शब्द खोलीच्या नावात हवेत, हॉटेलच्या वर्णनात नव्हे. पुढे ‘पार्त्सियाले’ किंवा ‘लातेराले’ असेल तर मान वाकडी करून दिसेल तेवढं.

आणखी थोडे शब्द. ‘मात्रिमोनियाले’ म्हणजे डबल बेड. दोन वेगळे पलंग हवे असतील तर ‘दुए लेत्ती’ लिहा. बाबांच्या घोरण्यामुळे आम्हाला हा शब्द फार उपयोगी पडला. ‘बान्यो इन कोमुने’ म्हणजे बाथरूम सामायिक. ‘मेत्सा पेन्सियोने’ म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरून. ‘तास्सा दि सोज्जोर्नो’ हा पालिकेचा मुक्काम कर, माणशी दर रात्री, बऱ्याचदा बुकिंगच्या रकमेत नसतो आणि हॉटेलात वेगळा भरावा लागतो. सुटे युरो ठेवा. हॉटेलवाले पासपोर्ट मागतात, घाबरू नका, पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे करणं त्यांना कायद्याने बंधनकारक आहे. आणि राहण्याच्या जागेच्या जाहिरातीत 2025 पासून ‘चिन’ नावाचा राष्ट्रीय नोंदणी क्रमांक द्यावा लागतो, सुरुवात आयटी अशी असते. तो कुठेच दिसत नसेल, तर पैसे पाठवण्याआधी विचारा.

लहान हॉटेलात रात्रभर रिसेप्शनला माणूस नसतो. माल्पेन्सा विमानतळावरून मिलानो चेंत्रालेला रेल्वेने तासाभरात, मग पुढची गाडी, असं सगळं धरून विमान उतरल्यापासून चार तास मोजा आणि पोहोचायची वेळ मेलवर कळवून ठेवा. नोव्हेंबर ते मार्च यातली पुष्कळ हॉटेलं बंद असतात, त्यामुळे थंडीत स्वस्त मिळेल हा हिशेब इथे जमत नाही. शनिवार-रविवारी मिलानचे लोक येतात, गाड्या आणि बोटी भरतात. आमचे मुक्काम सोमवार ते गुरुवार होते. वारेन्ना परवडत नसेल तर एक स्टेशन पुढे बेल्लानो बघा, किंवा लेक्को.

खाण्याचं थोडक्यात. खोलीत किटली असेलच असं नाही. चहा हे आमच्या घरातलं घटनात्मक प्रकरण असल्यामुळे आम्ही छोटी किटली नेली. आपल्याकडची दोन गोल पिनांची प्लग तिथे चालते, तीन पिनांची चालत नाही. जेवणाच्या खानावळी दुपारी अडीचच्या सुमारास बंद होतात, त्या सात-साडेसातलाच उघडतात. शाकाहारी लोकांनी रिसोत्तो मागवताना ‘ब्रोदो’ कशाचा ते विचारा, बऱ्याचदा तो मांसाचा रस्सा असतो. आईला ‘पित्सोक्केरी’ आवडलं. कुट्टूच्या पिठाच्या पट्ट्या, बटाटा, कोबी, चीज. “उपासाचं आहे की काय,” म्हणाली, मग कोबी दिसला. माझ्यासाठी मिस्सोल्तिनी होते, म्हणजे तळ्यातलेच मासे खारवून, उन्हात वाळवून, तमालपत्र घालून दाबून ठेवलेले. परदेशात जाऊन सुकट खाल्ली, असं मी घरी फोन करून सांगितलं.

बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. पहिल्या दिवशी त्यांनी धक्क्यावरच्या बोटींच्या वेळापत्रकाचा फोटो काढून घेतला, दुसऱ्या दिवशी ते पाठ होतं. गाड्या नेणारी मोठी बोट, साधी हळू बोट आणि जादा पैशांची जलद बोट, तिन्हींच्या वेळा. आई त्या पायवाटेवरच्या बाकावर पाय लांब करून बसलेली. तिसऱ्या दिवशी एक तरुण जोडपं वेळापत्रकासमोर गोंधळून उभं होतं, तर बाबांनी त्यांना बोटांनीच सांगितलं, ही नको, पुढची घ्या, बारा मिनिटांनी. भाषा कोणाचीच कोणाला कळत नव्हती. बोट बारा मिनिटांनी आली. आई म्हणाली, “बघ, यांना ड्युटी मिळाली.”

तुमच्या घरच्यांचे गुडघे, बजेट, तारखा काय असतील त्या लिहून पाठवा, पुढच्या भागात गार्दा सरोवराबद्दल बोलू.