घरातला पांढरा उंदीर आणि त्याचे शेवटचे दिवस

उंदीर म्हटला की आपल्या घरात आधी झाडू उचलला जातो. त्यात नवल नाही. भंडारा हा धानाचा जिल्हा. पोत्याला भोक पाडणारा, गोधडी कुरतडणारा, लघवीतून लेप्टोचे जंतू पसरवणारा उंदीर आपल्याला चांगला ठाऊक आहे. हा लेख त्या उंदराबद्दल नाही. मुलांच्या हट्टापायी दुकानातून आणलेला, पिंजऱ्यात राहणारा, नावाने हाक मारली की जाळीपाशी येणारा पांढरा उंदीर आता वस्तीतल्याही काही घरांत दिसतो. तो म्हातारा होतो, आजारी पडतो. मग शिबिरात रक्तदाब मोजून झाल्यावर एखादी मुलगी हळूच विचारते, "ताई, आमचा उंदीर बरा होईल का?"

घरातून तिला दोन उत्तरे आधीच मिळालेली असतात. एक म्हणजे "उंदीरच तर आहे, नेऊन टाक नाल्यावर." दुसरे म्हणजे "आपण बौद्ध आहोत, आपण मारत नाही. तो मरेल आपोआप." पहिल्या उत्तरात दया नाही. दुसऱ्यात दया दिसते, पण त्या जिवाला आठ-पंधरा दिवस तडफडत ठेवले जाऊ शकते. यापेक्षा चांगला रस्ता आहे आणि तो गरीब घरालाही झेपणारा आहे.

आयुष्यच लहान

पाळीव पांढरा उंदीर साधारण दोन ते तीन वर्षे जगतो. म्हणजे मूल पाचवीत असताना आणलेला उंदीर सातवी-आठवीपर्यंत जातोच. तुमची काळजी कमी पडली असा त्याचा अर्थ नाही. हे आणतानाच मुलांना सांगितलेले बरे.

म्हातारपणी त्याला मुख्यतः चार त्रास होतात: छातीचा जुना संसर्ग, अंगावर गाठ, मूत्रपिंडाचा आजार आणि मागच्या पायांतली ताकद जाणे. पण प्रत्येक आजार शेवटचाच असतो असे नाही. श्वासाचा त्रास लवकर दाखवला तर औषधाने बराच आटोक्यात येतो. मादीच्या छाती-पोटावर येणारी गाठ बरेचदा कॅन्सरची नसते. उंदीर धडधाकट असेल तर डॉक्टर ती काढूही शकतात. डोळ्या-नाकाभोवती लाल डाग दिसले की घरचे घाबरतात. ते बहुतेक वेळा रक्त नसते, डोळ्यामागच्या ग्रंथीतला लाल स्राव असतो. त्रास किंवा आजार असला की तो वाढतो.

म्हणून पहिला प्रश्न "कधी मरेल?" हा नाही. पहिला प्रश्न आहे, "हे बरे होण्यासारखे आहे का?" तो पशुवैद्यकालाच विचारायचा. आपल्या तालुक्यातल्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गायी-म्हशी आणि शेळ्याच जास्त येतात, तरी तिथे विचारायला लाजू नका. पशुसंवर्धन विभागाचा टोल-फ्री क्रमांक १९६२ आहे. जवळचा दवाखाना कुठे, हे त्यावर विचारता येईल. नागपूरला सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे जाण्याआधी उंदीर तपासतात का, कोणत्या दिवशी, खर्च किती, हे फोनवर विचारून घ्या. उन्हाळ्यात न्यायचे असेल तर पहाटेच निघा. उंदराला घाम येत नाही; आपल्याकडच्या मे महिन्यात दुपारच्या एसटीत धडधाकट उंदीरसुद्धा दगावू शकतो.

एक वही ठेवा

डॉक्टरांनी "आता बरा होणार नाही" असे सांगितले की निर्णय घरावर येतो. तो अंदाजाने घेऊ नका. वॉर्डात आम्ही पेशंटचा चार्ट ठेवतो, तशी मुलाच्या जुन्या वहीत रोज एकाच वेळी पाच गोष्टींची नोंद करा.

१. वजन. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर, डब्यात बसवून. आधीच्या वजनातून पाचवा हिस्सा गेला, म्हणजे ३५० ग्रॅमचा उंदीर २८० वर आला, तर ती धोक्याची खूण आहे.

२. खाणे-पिणे. स्वतः येऊन खातो का? आवडीचा पदार्थ समोर धरला तरी तोंड फिरवतो का?

३. श्वास. पोट आत-बाहेर ओढून, तोंड उघडून श्वास घेतो का? असे दिसले तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

४. अंगाची स्वच्छता. निरोगी उंदीर दिवसातून कितीदा तरी अंग चाटून साफ करतो. केस पिंजारलेले, अंग लघवीने ओले राहिले, म्हणजे त्याची ताकद गेली.

५. चेहरा. उंदीर दुखते म्हणून ओरडत बसत नाही, तो दुखणे लपवतो. डोळे अर्धवट मिटलेले, कान मागे-बाजूला वळलेले, नाक-गाल चपटे झालेले, पाठीला कुबड काढून कोपऱ्यात बसलेला, ही वेदनेची चिन्हे आहेत.

पानाच्या खाली रोज एकच शब्द लिहा: "चांगला" किंवा "वाईट". चांगल्या दिवसांपेक्षा वाईट दिवस जास्त झाले की निर्णयाची वेळ आली. नुसते पाहत राहिले तर मन रोज म्हणते, "आज जरा बरा वाटतोय." वहीत मात्र गेल्या आठ दिवसांचा हिशेब समोर असतो.

घरी काय करता येते

बरे करणे थांबले तरी काळजी थांबत नाही. माणसांच्या दवाखान्यात याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. मराठीत परिहार सेवा.

पिंजऱ्यातल्या शिड्या आणि मजले काढून टाका, सगळे एकाच पातळीवर ठेवा. खाली जुन्या सुती लुगड्याचे तुकडे अंथरा आणि रोज बदला. लघवीच्या उग्र वासाने त्याची छाती आणखी बिघडते. अगरबत्ती, कछुआ छाप आणि चुलीचा धूर त्याच्यापासून लांब ठेवा. पिंजऱ्यात फिनाईल नको. पाणी बाटलीतून ओढता येत नसेल तर उथळ झाकणात द्या. बिनमिठाची भाताची पेज, कुस्करलेले केळे, उकडलेल्या अंड्याचा तुकडा चालतो. धाप लागलेली असताना सिरिंजने तोंडात काही ओतू नका, ते थेट फुप्फुसात जाते. दुसरा उंदीर असेल आणि तो त्रास देत नसेल तर दोघांना एकत्रच राहू द्या. सोबतीची ऊब त्याला लागते.

घरातली दुखण्याची गोळी ठेचून देऊ नका. माणसाच्या गोळीचा छोटासा तुकडाही तीनशे ग्रॅमच्या जिवाला भारी पडतो. वेदनेचे औषध डॉक्टरकडूनच, वजनावर मोजून घ्या.

शील काय सांगते

आता अवघड प्रश्न. डॉक्टर म्हणाले, "सुई देऊन याला शांतपणे जाऊ देता येईल," तर ते पहिल्या शीलाच्या विरुद्ध होते का?

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेची चर्चा केली आहे. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत बुद्धाने फरक केला, असे ते तिथे मांडतात. अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नाही, असेही ते सांगतात. नियम माणसाला बांधून टाकतो. तत्त्व त्याला विचार करायची मोकळीक देते आणि जबाबदारीही देते. त्या ग्रंथात आजारी उंदराचा उल्लेख अर्थातच नाही. पण ही कसोटी आपल्याला वापरता येते. इथे इच्छा कशाची आहे? पिंजरा धुण्याचा कंटाळा आला म्हणून, वास येतो म्हणून, पाहुणे येणार म्हणून सुई द्यायची असेल, तर ती मारण्याची इच्छा आहे. उपाय संपले, वही वाईट दिवसांनी भरली, औषधाने वेदना आवरत नाही आणि आपल्याला त्याचे दुःख थांबवायचे आहे, तर हेतू वेगळा आहे.

तरीही एखाद्या घराला सुई पटणार नाही. त्या घराचाही मान राखावा. मात्र त्यांनी वेदनेचे औषध शेवटपर्यंत चालू ठेवले पाहिजे. "मारत नाही" म्हणून हात जोडून बसणे म्हणजे करुणा नव्हे.

सुई द्यायची ठरली तर

हे काम पशुवैद्यकाचे आहे. आधी विचारा, "पूर्ण भूल देऊन करता ना?" योग्य पद्धत दोन पायऱ्यांची आहे. आधी वायूने किंवा इंजेक्शनने उंदीर पूर्ण बेशुद्ध करायचा, मग औषधाचा मोठा डोस द्यायचा. शुद्धीवर असताना थेट छातीत सुई टोचू देऊ नका. काही मिनिटांत श्वास थांबतो. नंतर अंगाला एखादा झटका येतो, डोळे उघडेच राहतात. ते वेदनेचे लक्षण नाही. डॉक्टर हृदय थांबल्याची खात्री करतात.

पाण्यात बुडवणे, विष घालणे, आपटणे, दूर शेतात सोडून देणे, यातले काहीही करू नका. पिंजऱ्यात वाढलेला उंदीर बाहेर उपाशी मरतो किंवा कुत्र्या-मांजरांच्या तोंडी जातो. प्राण्याला विनाकारण क्रूरपणे मारणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांचाही विचार त्या कायद्यात आहे. भूल दिलेल्या प्राण्याला प्रयोगात इतकी इजा झाली की शुद्धीवर आल्यावर त्याला तीव्र यातना होतील, तर सामान्यतः बेशुद्धीतच त्याचा अंत करावा, असे कलम १७ सांगते. प्रयोगाच्या उंदराला जेवढी सूट आहे, तेवढी तरी घरच्या उंदराला मिळायला हवी.

घरीच जीव गेला तर हाताला प्लास्टिकची पिशवी घालून त्याला कापडात गुंडाळा. विहीर आणि हातपंपापासून लांब, कुत्रे उकरणार नाही इतक्या खोल, दोनेक फूट, पुरा. वैनगंगेत किंवा नालीत टाकू नका. पिंजरा उन्हात वाळवा, हात साबणाने धुवा. आजारपणात तो कुणाला चावला असेल आणि त्या माणसाला ताप, अंगावर पुरळ किंवा सांधेदुखी झाली, तर दवाखान्यात उंदीर चावल्याचे आवर्जून सांगा.

मुलांना काय सांगायचे

खरे सांगा. "झोपला" म्हणू नका. लहान मूल मग स्वतः झोपायला घाबरते. "पळून गेला" म्हणू नका. ते महिनाभर शोधत बसते. "त्याचा आजार बरा होणारा नव्हता, तो मेला, आता त्याला दुखत नाही," एवढे पुरते. वहीत नोंदी मुलांनाच करू द्या. निर्णय मात्र मोठ्यांनी घ्यावा आणि तसे सांगावे. नाहीतर "माझ्यामुळे मेला" हे ओझे मूल मनात घेऊन फिरते.

एक प्रश्न येईल, तयार राहा: "मग आजी खूप आजारी पडली तर तिलाही सुई द्यायची?" मुलाला रागावू नका. उत्तर द्या. माणसाला आपली इच्छा सांगता येते, तिचा मान राखावा लागतो. आणि माणसाला सुई देऊन मारणे आपल्या कायद्याला मान्य नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधल्या हल्ल्यानंतर २०१५ मध्ये जाईपर्यंत अंथरुणावर होत्या. तिथल्या परिचारिकांनी त्यांना एवढी वर्षे सांभाळले. त्यांचे अन्न बंद करावे या अर्जावर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला, कारण त्यांना सांभाळणाऱ्यांना ते नको होते. पण त्याच निकालाने, बरे न होणाऱ्या माणसाला केवळ यंत्रावर जगवत ठेवणे काही अटींवर थांबवता येईल, हेही मान्य केले. २०१८ मध्ये घटनापीठाने सन्मानाने मरणे हा कलम २१ खालच्या हक्काचा भाग मानला आणि आपली इच्छा आधी लिहून ठेवायला परवानगी दिली. २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी झाली; आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ती लिहिता येते.

मुलाच्या त्या प्रश्नानंतर घरात हेही बोलून घ्या. आजीला स्वतःला काय हवे आहे, हे ती नीट बोलू शकते तोवर तिला विचारा आणि लिहून ठेवा. दुखणे कमी करणारे औषध मागणे हा तिचा हक्क आहे, हे सगळ्यांना माहीत असू द्या. आणि पिंजऱ्यातला उंदीर आज कुबड काढून कोपऱ्यात बसला असेल, तर वही आजपासूनच सुरू करा.